सात ठोकळ्यांचा पूर

हल्लीं घरोघरीं मुलें जे खेळ खेळतात, त्यांत ‘माइनक्राफ्ट’चा क्रम बराच वरचा आहे. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन यांनीं रचिलेला हा खेळ २०११ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. त्यांतील सारें जग सारख्या आकाराच्या ठोकळ्यांचें आहे. मूल त्यांत वाटेल तेथें खणतें, घर बांधतें, प्रसंगीं धरणही बांधतें. वडील मंडळी याकडे केवळ कालापव्यय म्हणून पाहतात. आमची त्यांस विनंती अशी कीं, त्यांनीं एकवार मुलाशेजारीं बसून त्या खेळांतील पाणी नीट पाहावें.

या पाण्याचे नियम थोडे व सोपे आहेत. उगमाचा एक ठोकळा सपाट जमिनीवर ठेविला कीं पाणी सात ठोकळे पसरतें आणि थांबतें. खालीं पडण्यास जागा मिळाली तर तें पडून पुनः सात मोजूं लागतें. तळ भक्कम असेल तर दोन उगमांच्या मधल्या रिकाम्या जागीं तिसरा उगम आपोआप उत्पन्न होतो. त्यामुळें चार ठोकळ्यांच्या डबक्यांतून कितीही बादल्या उपसल्या तरी तें आटत नाहीं. अशा जगांत धरणाची भिंत फोडली तर काय होईल? पाणी बाहेर येईल, सपाटीवर सात ठोकळे जाईल आणि थबकेल. मागील तलाव मात्र तसूभरही उतरणार नाहीं!

त्या जगांतील जीवांस खेळाडू ‘मॉब’ म्हणतात. त्यांचें वागणेंही असेंच नियमबद्ध आहे. वाहतें पाणी त्यांस ढकलून नेतें. चतुर मुलें पाट काढून त्यांस एका खड्ड्यांत गोळा करितात. ‘एंडरमॅन’ला पाण्याचा नुसता स्पर्श बाधतो. ‘झोंबी’ हें चालतें प्रेत पाण्याच्या तळाशीं जातें आणि बराच वेळ बुडून राहिलें कीं ‘ड्राउन्ड’ नांवाचा जलचर बनतें. परंतु वरच्या अंगास पाहून, पूर येणार असें ताडून, आधींच उंचावर जाणें यांपैकीं कोणासही साधत नाहीं. तसा नियमच त्यांस घालून दिलेला नाहीं.

आतां खऱ्या पाण्याकडे वळूं. मुठा नदीवरील खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. त्याच्या खालच्या बाजूस केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई सरकारनें १९१६ सालीं स्थापिलेली ही संस्था १९३६ सालीं हिंदुस्थान सरकारकडे गेली. तेथें नद्या, बंदरें व धरणें यांचे लहान नमुने करून त्यांत पाणी सोडून पाहतात. नमुना शंभरपट लहान केला तर त्यांतील वेग दहापटच कमी ठेवावा लागतो. म्हणून नदींतील दहा तासांचा पूर नमुन्यांत एका तासांत उरकतो. संगणकावरील गणितांतही नदीचीं लहान लहान घरें पाडितात. हे एका परीनें ठोकळेच होत. परंतु एका घरांतून गेलेलें पाणी शेजारच्या घरांत जमा झालेंच पाहिजे, अशी तेथें अट असते. खेळांत नाहीं तो हाच जमाखर्च.

या जमाखर्चाची किंमत पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं मोजिली. पानशेतचें नवें मातीचें धरण वांचविण्यासाठीं लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून शिकस्त केली; तरी त्या सकाळीं तें फुटलें आणि लोंढा खडकवासल्याच्या तलावांत आला. आजच्या हिशेबानें पानशेतची उपयुक्त धारणशक्ति दहा अब्ज घनफुटांहून अधिक आहे, तर खडकवासल्याची सुमारें दोन अब्ज. घागरीचें पाणी तांब्यांत कसें मावावें? त्याच दिवशीं खडकवासल्याची भिंतही फुटली आणि मुठाकांठच्या शनिवार, नारायण इत्यादि पेठांतील घरांत पाणी शिरलें. तें सात ठोकळ्यांवर थांबलें नाहीं.

पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून ‘क्युसेक’ हा शब्द येतो, त्याचा अर्थ सेकंदास एक घनफूट. सुमारें साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग अहोरात्र चालला म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी खालीं येतें. पाणी सोडण्यापूर्वीं नदीकांठीं सूचना दिली जाते, ती याच गणिताच्या आधारें. तरीही पुलांवर गंमत पाहणारांची गर्दी जमतेच. त्या गर्दींत आणि पाटानें वाहत जाणाऱ्या मॉबांत मग अंतर तें कितीसें राहिलें?

यास्तव आमची सूचना इतकीच कीं, मुलाचा खेळ बंद करूं नये. त्यास धरण बांधूं द्यावें, फोडूं द्यावें, आणि मग सहज विचारावें, “बाळ, एवढें पाणी बाहेर आलें, मग तलाव भरलेलाच कसा?” हा प्रश्न ज्या मुलास एकदां पडला, तें पुढें विसर्गाची बातमी ऐकून पुलाकडे धांवणार नाहीं, आधीं आंकडा विचारील.