आमनेर कोणता? नोंदीचं नाव आणि नोंदीची हद्द
(लेखमाला : आपल्या गावाची नोंद, भाग ६)

कोणत्या वास्तूची स्वतंत्र नोंद व्हावी, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आता तिला नाव काय द्यायचं आणि ती कुठे थांबवायची, ते पाहू.

जाम नदी वर्धेला मिळते त्या संगमाजवळ आमनेरचा किल्ला आहे. आपल्या नरखेड तालुक्यातलं जलालखेडा तिथून जवळ; पण आमनेर गाव वर्धेपलीकडे वरुड तालुक्यात, म्हणजे अमरावती जिल्ह्यात येतं. नोंदीला ‘आमनेर किल्ला’ एवढंच नाव दिलं तर घोटाळा होतो, कारण मेळघाटात धारणी तालुक्यात गडगा आणि तापीच्या संगमावर आणखी एक आमनेर किल्ला आहे. नावं सारखी दिसली की आपण सवयीनं पुढे जिल्हा जोडतो. इथे त्याचा उपयोग नाही, कारण दोन्ही किल्ले अमरावती जिल्ह्यातच आहेत. दोन्ही संगमावर असल्यामुळे ‘संगमावरचा आमनेर’ म्हणूनही भागत नाही. मेळघाटातल्या किल्ल्याला जिल्पी आमनेर म्हणतात, तेव्हा त्याची नोंद त्याच नावानं करावी. आपल्या शेजारच्याची ‘आमनेर किल्ला (वरुड तालुका)’ अशी करावी. ‘आमनेर’ एवढाच शब्द शोधणाऱ्यासाठी दोन्हीकडे वाट दाखवणारं एक छोटं पान ठेवावं. मराठी विकिपीडियावर अशा पानाला निःसंदिग्धीकरण म्हणतात. छापील मराठी विश्वकोशात ‘पहा’ लिहून वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे धाडतात, तीही सोय याच जातीची.

खुद्द नरखेडचीही तीच गत आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात एक नरखेड आहे. आपल्याकडे नरखेड हे शहर, तालुका आणि नागपूर–इटारसी मार्गावरचं रेल्वे स्थानकही आहे. शहर आणि तालुका यांच्या नोंदी वेगळ्याच हव्यात. संत्र्याच्या बागांची माहिती तालुक्याच्या नोंदीत शोभते, नगरपरिषदेची शहराच्या.

हा पेच साऱ्या जगाचा आहे आणि इटलीतल्या जुन्या व्हिलांनी, म्हणजे बागांसह बांधलेल्या श्रीमंतांच्या वाड्यांनी, तो सर्वांत जास्त वाढवून ठेवला आहे. तिवोलीची व्हिला देस्ते कारंज्यांसाठी प्रसिद्ध. त्याच नावाची दुसरी कोमो सरोवराकाठी चेर्नोब्बियोला आहे आणि तिथे आज हॉटेल चालतं. फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या तर तोस्कानातल्या १२ व्हिला आणि २ बागा युनेस्कोच्या यादीत २०१३ साली एकाच नोंदीखाली आल्या. रोमची व्हिला मेदिची मात्र त्यांत नाही. नुसतं ‘व्हिला मेदिची’ लिहिणाऱ्यानं वाचकाला काहीच सांगितलं नाही, असं मी म्हणेन.

विचेन्झाजवळ वास्तुकार पाल्लादिओनं बांधलेल्या व्हिलेकडून आपल्याला शिकता येईल. ती पाओलो आल्मेरिकोसाठी बांधायला घेतली, पुढे काप्रा घराण्याकडे गेली, नंतर वाल्माराना घराण्याकडे. तिन्ही आडनावं तिच्या नावात दिसतात. लोक मात्र तिला मधल्या गोल दालनावरून ‘ला रोतोंदा’ म्हणतात आणि जगभर तेच चाललं. आपल्याकडच्या मालगुजारांच्या वाड्यांना हाच नियम लावावा. मालगुजारी कायद्यानं १९५१ साली गेली, त्यानंतर कित्येक वाडे विकले गेले, वाटण्या झाल्या. खरेदीखतावर आज कोणाचं नाव आहे ते मजकुरात येईल. शीर्षक मात्र गावात वाड्याला ज्या नावानं ओळखतात तेच असावं, आणि पुढे गावाचं नाव. नुसतं ‘देशमुख वाडा’ किंवा ‘पाटलाची गढी’ कधीही लिहू नका. विदर्भात तशा किती सापडतील! गढीला गढीच म्हणा, किल्ला म्हणून तिला मोठेपणा देऊ नका.

आता हद्द. वाडा, त्याची विहीर, समोरचं देऊळ आणि मागची अमराई यांच्या चार नोंदी करायचा मोह होतो. माझं मत ठाम आहे : जिच्याबद्दल दोन परिच्छेदही भरत नाहीत, ती वस्तू मूळ नोंदीतच राहू द्या. वेगळी काढायची ती स्वतःचा इतिहास असेल तेव्हा. फ्लोरेन्सजवळच्या प्रातोलिनोत मेदिचींचं घर एकोणिसाव्या शतकात पाडलं गेलं. बाग राहिली, शिल्पकार जांबोलोन्यानं घडवलेला अपेनाइन पर्वताचा प्रचंड पुतळा राहिला, आणि नव्या मालकांवरून त्या जागेला व्हिला देमिदोफ नाव पडलं. इथे पाडलेल्या घराची आणि उरलेल्या बागेची कहाणी एकाच नोंदीत सलग वाचायला मिळावी. नाव बदललं म्हणून तिचे दोन तुकडे पाडू नयेत.

आपल्या तालुक्यातल्या मोवाडच्या बाबतीत मी थोडं वेगळं सांगेन. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुरानं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. पुढे गावाचं पुनर्वसन झालं. जुनं मोवाड आणि नवं मोवाड अशा दोन नोंदी करू नयेत. माणसं तीच आणि नावही तेच, मग नोंद एकच हवी. पण पुराची नोंद वेगळी हवीच. पावसाचा, नदीचा, बचावाचा आणि पुनर्वसनाचा तपशील एवढा आहे की तो गावाच्या नोंदीत कोंबला तर मोवाड म्हणजे फक्त पूर असं होईल, आणि त्याआधीचं बाजाराचं, घरांचं, माणसांचं गाव पुसलं जाईल. गावाच्या नोंदीत पुराचं चार वाक्यांचं सार द्यावं आणि खाली लिहावं : पहा, मोवाडचा पूर (१९९१).

जुन्या नोंदी शोधताना दोन जिल्ह्यांमधली वर्धा नदी ध्यानात ठेवा. १९०८ चं गॅझेटिअर नागपूर जिल्ह्याचं आणि १९११ चं अमरावती जिल्ह्याचं. जलालखेडा पहिल्यात शोधायचं, आमनेर दुसऱ्यात. दोन्ही जवळ घेऊनच बसा. पुढच्या आठवड्यात गॅझेटिअरमधली जुनी गावनावं आजच्या नावांशी कशी जुळवायची, ते पाहू.