पाकीट कोणी उघडायचं?

ताणाच्या आजाराने सहा महिने घरी असलेल्या माणसाला कंपनी सहसा ‘तुम्ही आजारी आहात म्हणून काढतो’ असं लिहीत नाही. ‘आपण विनापरवानगी गैरहजर आहात’ असं लिहिते. म्हणजे आजाराचा प्रश्न हळूच शिस्तीचा होतो.

डी. के. यादव यांच्या खटल्यात हेच होतं. कंपनीच्या स्थायी आदेशांत कलम होतं: आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिलात, की नोकरी आपोआप गेली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, असं आपोआप चालणार नाही. आधी चौकशी करा, माणसाचं म्हणणं ऐका.

पण म्हणणं मांडायला तो बोलायला तर हवा ना! नैराश्यात कित्येकजण नोटिशीचं पाकीटच उघडत नाहीत. मग चौकशी एकतर्फी होते.

दीर्घ आजारपणामुळे नोकरी कधीच संपवता येत नाही, असंही नाही. तरीही पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क राहतो. गैरहजेरीचा ठपका मात्र पुढच्या नोकरीपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून कागदावर ‘आजार’ हा शब्द येणं महत्त्वाचं.

तेव्हा घरच्यांना सांगतो, पाकीट तुम्ही उघडा. दोन ओळींचं उत्तर लिहा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, त्याची सही घ्या, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. रजा संपण्याआधी वाढवून मागा. आजारी माणसाला एवढं जमत नाही, हाच तर त्याचा आजार आहे.