उभ्या गाडीचेही टायर बघा

कांजूरमार्गला आम्ही गटाची जेवणाची गाडी चालवतो. शेगडी, सिलिंडर, पाण्याची टाकी, हे ओझं गाडी उभी असली तरी टायरवर असतंच. हवा कमी असली की टायरच्या बाजू दबतात, पळताना तापतात आणि हायवेवर टायर फुटू शकतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासतो. किती भरायची ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा. साधारण १०,००० किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करतो, म्हणजे झीज सारखी होते. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलायचाच. गाडीवर गटाचं कर्ज आहे, आणि आत आपल्याच बायका बसतात.