यात्रेची बस आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी : प्रथम प्रवेशाचा प्रश्न

चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या अपंग व्यक्तींना गर्दीच्या बसमध्ये इतरांच्या आधी प्रवेश का द्यावा, या प्रश्नाचा राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) येथील यात्रेच्या संदर्भात प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

राजूरचा गणपती गणेशाच्या साडेतीन पीठांत गणला जातो. अंगारकी चतुर्थीस येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते व एस.टी. महामंडळ जादा गाड्या सोडते. गाडी लागताच खिडकीतून रुमाल, पिशवी टाकून जागा धरण्याची रीत सर्वपरिचित आहे. खुर्चीवरील प्रवाशास ही चढाओढ करताच येत नाही. साध्या गाडीचे दार अरुंद, पायऱ्या उंच. त्यास उचलून आत न्यावे लागते, शिवाय खुर्चीची घडी करून ती ठेवावी लागते. मधली वाट एकदा भरली की उचलणाऱ्यांनाच पाय ठेवण्यास जागा उरत नाही. इतर प्रवासी मागे राहिला तर त्यास उभ्याने जावे लागते; खुर्चीवरील प्रवाशाची गाडीच चुकते.

अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजननगरीच्या बसगाड्यांत उतरती फळी टाकून खुर्ची आत घेतात व पट्ट्यांनी जखडतात. तेथेही रांगेतील लोक कुरकुरतात. खेळांच्या रांगेतील सवलतीचा गैरवापर झाल्याने डिस्नेने 2013 मध्ये ती पद्धत बदलली, हे खरे. परंतु तो प्रश्न प्रतीक्षेचा होता. बसमधील प्रश्न जागेचा आहे आणि या दोहोंची गल्लत करणे योग्य नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डग पॉली यांच्या खटल्यात 2017 मध्ये असे म्हटले, की खुर्चीची जागा अडवणाऱ्या प्रवाशाचा नकार अवाजवी असेल, तर चालकाने केवळ विनंती करून थांबू नये.

आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्याने बस सुगम करण्याचे बंधन आर्थिक कुवतीच्या मर्यादेत घातले होते. 2016 च्या कायद्याने ते अधिक स्पष्ट केले, तर 1 मार्च 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीत खुर्ची आत घेण्याची व जखडण्याची सोयही आली. महामंडळ अपंगांना भाड्यात 75 टक्के सवलत देते. मात्र सवलत तिकिटास लागू होते, दारास नव्हे! 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि 2023 मध्ये महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास मिळाला. या योजना स्वागतार्हच आहेत. तथापि सवलतीने प्रवासी वाढले, की दाराशी रेटाही वाढतो.

जादा गाडी आगारातून रिकामी निघते. ती फलाटास लावण्यापूर्वीच, दार इतरांसाठी बंद असताना, अशा प्रवाशास एका सोबत्यासह बसविल्यास काही मिनिटांचाच विलंब होईल. संपूर्ण कुटुंबास मात्र आधी घेऊ नये. रांगेचा रोष बहुधा तेथूनच उद्भवतो. खरी अडचण परतीच्या प्रवासात आहे. दर्शन आटोपलेली गर्दी एकाच वेळी गाडीकडे धावते. तेथे दार कोणासाठी आधी उघडावयाचे, हे वाहकाच्या मर्जीवर न सोडता महामंडळाने यात्रेच्या लेखी आदेशातच नमूद करावयास हवे.