रानातला गुंजन पक्षी

विद्यार्थ्यांनो, अंगणातल्या जास्वंदीवर येणारा छोटासा, चमकदार पक्षी तुम्ही पाहिला असेल. मराठीत त्याला शिंजीर म्हणतात आणि उर्दूत शकरखोरा. काही लोक त्यालाच हमिंगबर्ड समजतात. पण तो हमिंगबर्ड नव्हे. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सर्व फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत व जवळच्या बेटांवर आढळतात. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड मात्र हवेत एकाच जागी तरंगत मध पितो. त्या वेळी त्याच्या पंखांचा गुं-गुं असा आवाज येतो. म्हणून त्याला गुंजन पक्षी म्हणतात.

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशात ला सेल्वा नावाचे घनदाट जंगल आहे. तेथे 'लांब चोचीचा हर्मिट' हा गुंजन पक्षी राहतो. हर्मिट म्हणजे एकांतात राहणारा, गोशानशीन. हा पक्षी जंगलाच्या दाट सावलीत वावरतो. त्याचे वजन साधारण ६ ग्रॅम असते.

त्याला ओळखायचे कसे? रंगाची चमक शोधू नका. त्याची पाठ हिरवट-तपकिरी आणि पोट फिकट असते. म्हणून आधी आकार पाहा. लांब, खाली वाकलेली चोच, डोळ्यावरून जाणारा काळसर पट्टा आणि शेपटीच्या मध्यभागी दोन लांब, पांढऱ्या टोकाची पिसे, या तीन खुणा लक्षात ठेवा.

आता त्याला शोधायचे कसे? त्याच्या मागे धावून उपयोग नाही. दोन गोष्टी मदत करतात. पहिली गोष्ट म्हणजे फुले. केळीसारख्या पानांच्या हेलिकोनियाचा मध त्याला आवडतो. दुधाचा रतीब घालणारा जसा ठरलेल्या घरी जातो, तसा हा पक्षी ठरलेल्या वाटेने फुलांना भेट देतो. म्हणून फुलांपासून थोडे दूर, शांत बसावे. तो पुन्हा येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. विणीच्या काळात अनेक नर झुडपांत ठरावीक जागी जमतात. प्रत्येक नर बारीक फांदीवर बसून, शेपटी हलवत, एकच सूर पुन्हापुन्हा काढतो. माद्या तेथेच जोडीदार निवडतात. ही जागा वर्षानुवर्षे तीच राहते. म्हणून तेथे गोंगाट करू नये आणि झुडपे तोडू नयेत. झाडे उभी राहिली, पण खालची झुडपे व फुले गेली, तर हा पक्षी तेथे राहू शकत नाही.

कोस्टारिकात गुरांच्या कुरणांसाठी पुष्कळ जंगल तोडले गेले होते. १९९६ साली तेथे कायदा झाला. जंगल तोडून त्या जमिनीचा दुसरा वापर करण्यास बंदी आली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला मिळू लागला.

तुम्हीही उद्या सकाळी जास्वंदीपासून थोडे दूर, शांत बसा. शिंजीर किती वेळाने परत येतो, ते वहीत लिहा. पक्षी ओळखण्याची सुरुवात अशीच होते.