कॉन्टॅक्स जी२ : घ्यायचा विचार असेल तर

क्योसेराने १९९६ मध्ये आणलेला हा फिल्म कॅमेरा. टायटॅनियमचं आवरण, झाइसच्या बदलता येणाऱ्या लेन्स आणि रेंजफाइंडर असूनही ऑटोफोकस! लेन्स बदलली की व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य आपोआप झूम होतं. ऑटो एक्स्पोजरवर शटर १/६००० पर्यंत जातं, त्यामुळे भर उन्हातही एफ/२ वापरता येतं.

पण एक लक्षात घ्या. इथे एसएलआरसारखं लेन्समधून दिसत नाही, म्हणजे फोकस चुकला तरी डोळ्याला सगळं स्वच्छच दिसतं. म्हणून बटण अर्धं दाबून खालची अंतराची पट्टी बघायची. माणूस दीड मीटरवर आणि काटा अनंताकडे? मग कॅमेऱ्याने मागची भिंत पकडलीय. कॉलरच्या कडेवर किंवा चष्म्याच्या फ्रेमवर फोकस धरा, मग फ्रेम जुळवा. ४५ मिमीची प्लानर एवढी धारदार आहे की ही खटपट वसूल होते. (मोटरचा आवाज मात्र लपत नाही.)

दोन सीआर२ बॅटऱ्या संपल्या की कॅमेरा ठप्प, तेव्हा जोडी खिशात हवीच. क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्स बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे सुटे भाग दुर्मिळ. ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवू नका. हातात घ्या, एक रोल काढून बघा, मगच व्यवहार करा.