बायबल घेताना काय पाहावे?
आधी अनुक्रमणिका उघडावी. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबित, मक्काबी हवे असतील तर हा फरक दुकानातच कळलेला बरा.

अभ्यासाच्या आवृत्तीत नकाशे, तळटीपा, संदर्भ मिळतात. पण टीपा लिहिणाऱ्याचा पंथ टीपांत उतरतोच. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड बायबलमध्ये भाष्य वचनांच्याच पानावर होते. अमेरिकेत त्या भाष्यानेच पिढ्यांचे मत घडवले.

मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेला अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रोजच्या मननाला जाडजूड ग्रंथ कशाला? थॉमस आ केम्पिस यांच्या पंधराव्या शतकातील ‘ख्रिस्तानुकरण’मधली प्रकरणे छोटी आहेत, चहा निवायच्या आत एखादे वाचून होते.